टेपचा गोळा

उपचारखोलीत शिरलं की उजवीकडे बर्फाचं यंत्र, डावीकडे तीन टेबलं आणि समोर, जिथे कुणा शहाण्याने हात धुवायचं बेसिन बसवलं असतं तिथे, एका उंच स्टुलावर टेपचा गोळा. मुलींच्या घोट्यांना, पावलांना, मनगटांना बांधलेली पांढरी चिकट टेप सराव झाला की कापून काढायची आणि केरात न टाकता या गोळ्यावर चिकटवायची. अकरा वर्षं हा उद्योग चालू होता. गोळा आता चांगला नवव्या महिन्यातल्या पोटाएवढा झाला होता. त्याला घामाचा, डिंकाचा आणि जुन्या मोज्यांचा मिळून एक वास होता. आमचे सर त्या वासाला 'इतिहास' म्हणत.

सर म्हणजे माझे पर्यवेक्षक. गळ्यात कायम स्टॉपवॉच लोंबत असायचं, म्हणून संघातल्या मुली त्यांना पाठीमागे 'स्टॉपवॉच' म्हणत. मीही इथे तेच म्हणणार आहे. अहो-जाहो करायचे माझे दिवस संपले. तर दर सोमवारी सकाळी स्टॉपवॉच मापाची फीत घेऊन गोळ्याचा घेर मोजायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. त्याच फितीने दुखापत झालेल्या मुलींच्या मांड्या मोजायच्या असतात. पाय वापरात नसला की स्नायू किती झिजतो ते त्यावरून कळतं. मांड्यांच्या तक्त्यात महिनोन्महिने रिकाम्या चौकटी होत्या. गोळ्याचा एक सोमवार चुकलेला नव्हता.

त्याची दुसरी रीत म्हणजे 'कापा'. विद्यार्थ्याने टेप बांधून संपवली की तो घड्याळ थांबवायचा, मान तिरकी करून बघायचा, आणि कुठे एखादी सुरकुती दिसली, एखादी कड मोकळी राहिली, की म्हणायचा, "कापा." मग आपण बांधलेली टेप आपणच, सगळ्या संघासमोर, बोथट टोकाच्या कात्रीने कापायची आणि आपल्याच हाताने गोळ्यावर नेऊन चिकटवायची. पहिल्या महिन्यात मी गोळ्याला बरंच बाळसं आणलं. स्वतः तो घोटा पन्नास सेकंदांत बांधायचा. खोटं कशाला बोलू, देखणा बांधायचा. भेटवस्तूंना वेष्टण घालून देणाऱ्या दुकानात हा माणूस फार वर गेला असता.

मी पदवीनंतरचा अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा अभ्यासक्रम करत होते. खेळाडूच्या दुखापती टाळायच्या, झाल्या तर ओळखायच्या, पहिला उपचार करायचा आणि तिला खेळू द्यायचं की बसवायचं ते सांगायचं, असं हे काम. दुसऱ्या वर्षी वर्ग जवळजवळ संपतात आणि पोस्टिंग सुरू होतं, म्हणजे खऱ्याखुऱ्या संघाबरोबर, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली शिकायचं. तो समोर नसेल तर विद्यार्थ्याने खेळाडूला हातही लावायचा नाही, असा नियम. आमच्या पर्यवेक्षकाची नजर बहुतेक वेळ प्रशिक्षिकेच्या खोलीत चहा पीत बसलेली असायची. पण लॉगबुकात 'माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली' असा शिक्का मात्र न चुकता पडायचा. त्याने तो शिक्का खास करवून घेतला होता, लिहिण्यात वेळ जायला नको म्हणून.

माझ्या लॉगबुकात एकसष्ट कौशल्यं होती. साठांवर सह्या झाल्या होत्या. उरलेलं एक: खेळाडूची तपासणी, टेपिंग, आणि ती खेळण्यास योग्य आहे की नाही याचा निर्णय, हे सगळं कॉलेजच्या समन्वयक मॅडमसमोर. मॅडम बघणार, पण सही चालणार ती फक्त स्टॉपवॉचची. ती झाली की मी पास. नाही झाली तर पोस्टिंग पुन्हा, आणि पुन्हा करायचं ते दुप्पट, सहा महिने.

सहा महिने म्हणायला काही जात नाही. माझी मुलगी सव्वा वर्षाची होती. नवरा कारखान्यात, फिरत्या पाळीवर. मुलीला सांभाळायच्या त्या सासूबाई, आणि सासूबाई महिनाअखेरीला नणंदेकडे निघाल्या होत्या. नणंदेला जुळं होणार होतं, डॉक्टरांनी तिला अंथरुणातून हलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि ती राहत होती पाच तासांवर. आमच्या गल्लीतलं पाळणाघर सकाळी नऊला उघडतं. संघाचा सराव सहाला सुरू होतो. मधले तीन तास मुलगी कुणाच्या कडेवर द्यायची, याचं उत्तर आमच्या घरात कुणाकडे नव्हतं. सही मिळाली नाही तर शिक्षण सोडायचं, एवढंच दिसत होतं.

हे स्टॉपवॉचला ठाऊक होतं. तो मला 'आईसाहेब' म्हणायचा.

"आईसाहेब, आज डोळे उघडे आहेत का?"

"आईसाहेब, हा घोटा आहे, लंगोट नाही. जरा आवळा."

प्रशिक्षिका फिदीफिदी हसायची. मीही हसायचे. सही हवी होती ना. ते माझं हसणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

परीक्षेच्या आठवड्यात सोमवारी शिडी आली. शिडी म्हणजे संघातली सर्वांत उंच मुलगी, वय एकोणीस. चेंडू टोपलीत टाकायला तिला उडी मारावी लागत नाही, असं मुली म्हणायच्या. रविवारी अंतिम सामना होता आणि अर्धा संघ तिच्या खांद्यावर उभा होता.

"ताई, पावलात काहीतरी गडबड आहे," ती टेबलावर चढत म्हणाली. "म्हणजे दुखत नाही, पण आहे."

"कुठे?"

तिने सगळ्या पावलावरून हात फिरवला. "इथे. म्हणजे सगळीकडे. खेळताना येतं, बसलं की जातं."

घोट्याच्या किंचित पुढे, पावलाच्या वरच्या अंगाला होडीच्या आकाराचं एक लहान हाड असतं. त्याला बारीक चीर गेली तर अशीच दुखते, धड जागा सांगता येत नाही, म्हणून ती सुटून जाते. मी एका बोटाने दाबत दाबत गेले. तळवा, कमान, टाच, काही नाही. होडीवर बोट टेकलं तशी शिडी छताकडे बघायला लागली.

"दुखलं?"

"नाही."

पण तिच्या पायाची बोटं आवळली होती.

मी स्टॉपवॉचला चहावरून उठवून आणलं. "सर, हे कमानीचं वाटत नाही. हाडावर दुखतंय, नखाएवढ्या जागेत. एमआरआय करून घेतला तर..."

"नखाएवढ्या जागेत!" त्याने कपाळाला हात लावला. "अगं, हे बोट आहे की पेचकस? इतकं खुपसलंस तर माझंही दुखेल." मग तो शिडीकडे वळला. "काय गं, रविवारी खेळायचंय ना?"

"हो सर."

"दुखतंय?"

"नाही सर."

"मिटलं. बारा वर्षं पाय बघतोय मी आईसाहेब, तुम्ही बारा आठवडे. कमान बांधा. नोंदीत लिहा, किरकोळ ताण, टेपिंग केलं, सराव चालू."

त्याने तिच्या पावलाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. दारातून बघून निदान करायची त्याची पद्धत होती, बसमधून पाट्या वाचतात तशी.

आणि मी बांधली. हे लिहायला हवं. सोमवारी बांधली, मंगळवारी बांधली, बुधवारी बांधली, आणि तिन्ही दिवस नोंदीत माझ्या वळणदार अक्षरात 'किरकोळ ताण' लिहिलं. टेपिंग छान झालं होतं. टेप नीट बसली की पाय आतून आवळला जातो आणि दुखणं गप्प होतं. जात नाही, गप्प होतं. शिडी उड्या मारत होती आणि स्टॉपवॉच मला म्हणाला, "बघा, आहे की नाही जादू!" मी मान डोलावली. तेव्हा माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच होता की मला कळत होतं. म्हणजे मी त्याच्याहून वाईट.

बुधवारी संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई दारातच.

"तुझी लेक खुर्चीवरून पडली."

माझ्या हातातली पिशवी खाली. "कुठे लागलं? रडली किती?"

"रडतेय कसली! हातात बिस्किट होतं. रडलं की हे लोक कडेवर घेतात आणि बिस्किट काढून घेतात, हे कळलंय टवळीला. बघ, अजून सोडलेलं नाही."

लेक जमिनीवर बसली होती. ओठ घट्ट, मूठ घट्ट, डोळे वर पंख्याकडे. मी तिला जवळ घेतलं, पाय चाचपले, एकेक बोट दाबलं.

"पाय काय बघतेस? ढुंगणावर पडलीय," सासूबाई म्हणाल्या. "एवढी शिकतेयस, तेवढं तरी विचारून घ्यावं."

मी ढुंगण बघितलं. एक लाल चट्टा होता. मी हळूच तिथे हात लावला, तशी तिने पंख्याकडे बघणं आणखी जोरात सुरू केलं. एवढंसं तोंड, आणि त्यात केवढा निर्धार! मला तिचा पापा घ्यावासा वाटला. पण हे तोंड मी सोमवारी उपचारखोलीत पाहिलं होतं. फक्त ते दोन हात वर होतं आणि त्याच्या मुठीत रविवार होता.

"उद्या सही आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग मी तिकीट काढून टाकते."

"हो," मी म्हटलं. "काढा."

गुरुवारी समन्वयक मॅडम आल्या. मॅडम मवाळ. कुणाचंही म्हणणं त्या अर्ध्यात कापत नाहीत, कारण त्यांना मध्ये बोलायचंच नसतं. त्यांच्याकडे फाईल असते आणि पेन दुसऱ्याकडून घेतात. सगळा संघ भिंतीला टेकून बसला होता. स्टॉपवॉचने माझा परीक्षेचा अर्ज आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. 'तपासणी' या रकान्यात 'सामान्य' लिहून झालं होतं, 'निर्णय' मध्ये 'खेळण्यास योग्य'. तपासणी व्हायची होती, निर्णय व्हायचा होता, पण माणूस वक्तशीर! फक्त वेळेची चौकट आणि सहीची जागा रिकामी.

"सोपा पाय दिलाय तुम्हाला," तो माझ्या कानाशी म्हणाला. "तीन दिवस बांधताय तोच. उपकार विसरू नका आईसाहेब."

शिडी टेबलावर बसली. मी बोट होडीवर ठेवलं. तिने छत गाठलं.

"मॅडम, इथे हाडावर दुखतंय," मी म्हटलं.

"तिला विचारा की," स्टॉपवॉच म्हणाला. "काय गं?"

"नाही दुखत," शिडी छताला म्हणाली.

"ते सोमवारीच झालंय मॅडम. आमच्या ह्यांना बोट खुपसायची खोड आहे. चला, टेपिंग. घड्याळ चालू."

त्याने बटण दाबलं आणि माझे हात कामाला लागले. हातांना अक्कल नसते, त्यांना सवय असते. टाचेमागून, तळव्याखालून, वर, पुन्हा खाली. टेप एका झटक्यात तुटत होती, कड सरळ. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं टेपिंग मी त्या सकाळी केलं, आणि ते करताना मला त्याचा आनंदही होत होता, हीसुद्धा एक शरम.

"अठ्ठावन्न," स्टॉपवॉच म्हणाला. साठच्या आत म्हणजे पास. त्याने मान डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली. सुरकुती नव्हती. "ठीक आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून 'ठीक आहे' म्हणजे इतरांचं सुवर्णपदक. "शिडी, एका पायावर उड्या मारून दाखव मॅडमना."

शिडीने त्या पायावर पाच उड्या मारल्या. हसत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी स्टॉपवॉचकडून पेन घेतलं होतं, ते त्याला परत दिलं. त्याने टोपण काढलं.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं, आणि कात्री उचलली.

"आता काय?"

मी शिडीला टेबलावर बसवलं आणि कात्रीचं बोथट टोक टेपखाली सरकवलं.

"ए, ए! अगं, मी 'कापा' म्हटलेलं नाही!"

"मी म्हणतेय," मी म्हटलं.

टेप सरळ कापली गेली. पाऊल मोकळं झालं, त्यावर टेपच्या रेघा उमटल्या होत्या. मी म्हटलं, "शिडी, आता अशाच उड्या मार. त्याच पायावर, पंजावर."

तिने पहिल्यांदा छत सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, नको ना," ती अगदी हळू म्हणाली.

"एकच."

तिने एक मारली. दुसरी मारायला गेली आणि तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. एवढी लांब मुलगी, पण पडताना तिने माझी ओढणी लेकीसारखीच मुठीत धरली. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मग आला.

मुली उठून उभ्या राहिल्या. मॅडमनी फाईल छातीशी धरली. "डॉक्टरांना दाखवायला हवं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी घेतलेला हा एकमेव निर्णय, पण घेतला.

स्टॉपवॉचने घड्याळ पाहिलं. खरंच, त्या क्षणी त्याने घड्याळ पाहिलं! "वेळ संपली," म्हणाला. "अपूर्ण." मग गोळ्याकडे बोट केलं. "आणि ती टेप तिथे."

मी टेप घडी करून खिशात घातली.

शुक्रवारी एमआरआय झाला. होडीला चीर होती, अर्ध्यापर्यंत गेलेली. संघाचे डॉक्टर म्हणाले, आणखी एक सामना झाला असता तर हाडाचे दोन तुकडे आणि मध्ये स्क्रू. आता प्लास्टर, आठ आठवडे पाऊल जमिनीला लावायचं नाही. रविवारी संघ सपाटून हरला. सोमवारी शिडी कुबड्यांवर आली, माझ्यासमोर थांबली.

"झालं समाधान?"

"शिडी..."

"मी म्हटलं होतं का तुम्हाला दाबायला? नाही म्हणत होते ना मी? सगळ्यांना कळत होतं, तुम्हालाच कळत नव्हतं!"

तिच्या कुबड्या फार उंच लावल्या होत्या, काखेत रुतत होत्या. मी खाली बसून दोन्ही कुबड्या दोन-दोन भोकं खाली घेतल्या. ती तोंड फिरवून उभी राहिली, पण उभी राहिली.

आत स्टॉपवॉच गोळा मोजत होता. सोमवार होता ना. आकडा तक्त्यात लिहून झाल्यावर त्याने मला हाक मारली, दार लावून घेतलं, आणि म्हणाला, "बस. बाळ कसं आहे?"

पोस्टिंगच्या बारा आठवड्यांत लेकीची चौकशी ही पहिलीच. मी सावध झाले.

टेबलावर माझा परीक्षेचा अर्ज होता. वेळेच्या चौकटीत अठ्ठावन्न. खाली सही. झालेली. शाई वाळलेली. शेजारी नोंदवहीचा एक कोरा कागद.

"माणसाकडून चुकतं," तो म्हणाला. "तू घाई केलीस, मी रागावलो. सोडून देऊ. पण डॉक्टर विचारतायत, सोमवारपासून नोंदी काय आहेत. वरूनही अहवाल मागवलाय. जुने कागद जरा घाईत लिहिलेले आहेत. ते बदलून टाकू. अक्षर तुझंच हवं, म्हणून तुला बोलावलं."

"काय लिहायचं?"

त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. "सोमवारी पर्यवेक्षकांच्या तपासणीत हाडावर वेदना आढळली. विश्रांतीचा सल्ला दिला. खेळाडूने तो मानला नाही."

तो ओशाळलाही नव्हता. जो पाय त्याने दारातून पाहिला होता, त्यातली चीर आता कागदावर त्यानेच शोधली होती आणि दोष अंगावर घेणार होती ती एकोणीस वर्षांची पोरगी, जिला त्याने 'खेळायचंय ना?' विचारलं होतं. एवढ्या मोठ्या गोळ्याचा मालक, आणि लपायला जागा शोधली ती कुबड्यांमागे!

पण मी लगेच उठले नाही. अर्जाकडे बघत बसले. तीन वाक्यं होती. शिडी माझ्यावर चिडलेलीच होती, तिला आणखी काय फरक पडणार होता? पाय तर वाचला होता. सासूबाईंचं तिकीट काढून झालं होतं. तीन वाक्यांत सहा महिने सुटत होते. मी पेन हातात घेतलं, आणि स्टॉपवॉचने खुर्चीत मागे टेकून घेतलं. त्याचं ते मागे टेकणं मला नेमकं दिसलं. 'ही लिहिणार' याची त्याला काडीचीही शंका नव्हती. बारा आठवडे मी त्याच्या विनोदांना हसले होते, त्याचा हिशेब बरोबरच होता.

मी लिहिलं. 'सोमवारी मला हाडावर नखाएवढ्या जागेत वेदना आढळली. पर्यवेक्षकांना सांगितलं. त्यांनी पाऊल न तपासता टेपिंग करून सराव चालू ठेवण्यास सांगितलं. कळत असूनही मी सोमवार, मंगळवार, बुधवार टेपिंग केलं आणि किरकोळ ताण अशी चुकीची नोंद केली. खेळाडूला विश्रांतीचा सल्ला कुणीही दिला नव्हता.' तारीख, वेळ, सही.

त्याने वाचलं. "वेड लागलंय का? यात तूही अडकशील."

"अडकलेलीच आहे सर."

"मुलीचा तरी विचार कर."

"तिच्याबद्दल बोलू नका," मी म्हटलं.

मग त्याने फूटपट्टी घेतली, अर्जावर ठेवली आणि स्वतःची सही खोडली. हाताने गिरगटली असती तर मला त्याच्यात थोडा माणूस सापडला असता. पण नाही, एकच रेघ, सरळ, कड न चुकवता. मी कागद त्याच्यापाशी ठेवला नाही. स्वतः नेऊन डॉक्टरांना दिला आणि त्याचा फोटो मॅडमना पाठवला.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. माझं म्हणणं पोचलं होतं. स्टॉपवॉचला 'समज' देण्यात आली होती. मलाही लेखी ताकीद होती, तीन दिवसांच्या नोंदींबद्दल. ती मला पटली. "पण सही नाही ना गं," मॅडम म्हणाल्या, "त्यामुळे नियमाप्रमाणे पोस्टिंग पुन्हा. दुसरीकडे देते तुला. बाई आहेत तिथे, बऱ्या आहेत." गोळ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. अजून तिथेच असणार. समज देऊन गोळे हलत नाहीत.

सासूबाईंना सांगायला मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तोंड का असं? मिळाली नाही सही?"

मी सगळं सांगितलं. त्या लेकीचं डोकं पुसत होत्या. पुसता पुसता हात थांबला.

"म्हणजे त्या मेल्याने पोरीचा पाय मोडू दिला असता, आणि वर तिच्यावरच ढकललं असतं?"

"हो."

"आणि तू तीन दिवस तो पाय बांधत होतीस."

"हो."

त्यांनी टॉवेल झटकला. बराच वेळ झटकला. मला वाटलं, आता सुरुवात होणार.

"मग काढ सहा महिने," त्या म्हणाल्या. "हिला मी नेते बरोबर. तिथे दोन येणार आहेतच, त्यांत ही तिसरी. मला काय, एक ओरडली काय आणि तीन ओरडली काय. दर पंधरा दिवसांनी दोघं येऊन जा."

मी इतके दिवस मुलगी कुणाकडे ठेवायची याचा विचार करत होते. मुलगीच घरात नसेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी 'बरं' म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी लेकीची बॅग भरायला बसले. माझ्याकडे पांढऱ्या टेपचं एक रीळ उरलं होतं. त्याचे तुकडे तोडून मी डब्यांवर चिकटवत होते: सकाळचं दूध, तापाचं औषध, नखं कापताना गाणं म्हणावं लागतं. हे शेवटचं सासूबाईंना ठाऊक होतं, तरी लिहिलं. लेक शेजारी बसून रिळाला झोंबत होती. एक तुकडा तिच्या हाताला चिकटला, हातावरून नाकाला, नाकावरून पुन्हा हाताला. ती भयंकर चिडली. मग तिला युक्ती सुचली. ती माझ्या पावलापाशी सरकली आणि तो तुकडा तिने माझ्या घोट्यावर थापला. दोन्ही हातांनी, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, थाप, थाप, थाप. मग मान तिरकी करून बघितलं.

टेप वाकडी होती. सगळ्या कडा मोकळ्या, सुरकुत्यांना तर गणतीच नाही. मी त्यावरून हलकेच मोजा चढवला आणि बॅगेची चेन लावली.